घरात मृत्यू झाल्यावर : कशाची घाई करायची आणि कशाची नाही

माणूस गेल्यावर घरात दोन प्रकारची माणसं जमतात. एक नुसती बसून राहणारी, दुसरी कामाला लागणारी. दोन्ही लागतात. हा लेख दुसऱ्या प्रकारातल्या एखाद्या पुतण्याच्या, भाचीच्या किंवा जावयाच्या हाती पडावा असं वाटतं. पहिल्या दोन आठवड्यांत झालेले घोळ पुढे दोन-दोन वर्षं निस्तरावे लागतात, हे मी आमच्याच घरात पाहिलं आहे. लगेच करायचं काम राहून जातं, आणि महिनाभर हातही लावू नये असं काम तेराव्याच्या आत उरकलं जातं.

खालची माहिती महाराष्ट्रापुरती आहे. गोवा आणि परदेशाबद्दल शेवटी थोडक्यात लिहिलं आहे.

पहिले काही तास

मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र तिथूनच मिळतं. २०२३ साली जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची असते. ती मागून घ्या. पुढे महापालिकेकडून जो मृत्यूचा दाखला मिळतो त्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलं नसतं, आणि विमा कंपनी नेमकं तेच विचारते. निदान मोबाइलवर फोटो तरी काढून ठेवा. बिल थकलं म्हणून पार्थिव अडवून ठेवण्याचा अधिकार रुग्णालयाला नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. थकबाकी वसूल करायचे त्यांचे मार्ग वेगळे आहेत.

घरी मृत्यू झाला तर शववाहिनीच्या आधी डॉक्टरांना फोन करा. शेवटच्या आजारात ज्यांचे उपचार चालू होते, त्यांनी घरी येऊन तपासावं आणि प्रमाणपत्र द्यावं हा सरळ रस्ता. वयोवृद्ध, अंथरुणाला खिळलेलं माणूस पहाटे शांतपणे गेलं आणि घाबरून त्याला रुग्णालयात नेलं, तर कागदावर ‘दाखल करण्यापूर्वीच मृत’ असा शेरा पडतो. मग पोलिसांना कळवणं, कदाचित शवविच्छेदन, असं पुढचं चक्र सुरू होतं. अर्थात श्वास चालू असल्याची जरा जरी शंका असेल तर हा विचार करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

नेत्रदान करायचं असेल तर हाताशी जेमतेम सहा तास असतात. पंखा बंद करा, डोळे मिटवून पापण्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि नेत्रपेढीला फोन करा. त्यांचं पथक घरी येतं आणि चेहरा विद्रूप होत नाही. देहदानासाठी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाशी बोला. शवविच्छेदन झालेला देह ते घेत नाहीत, म्हणून हे आधीच विचारलेलं बरं. छातीत पेसमेकर असेल तर तो दहनापूर्वी काढून घ्यावा लागतो, नाहीतर उष्णतेने त्याचा स्फोट होतो. डॉक्टरांना हे आपण होऊन सांगा.

‘चिरफाड नको’ म्हणण्याआधी

साप चावला, विजेचा धक्का बसला, विहिरीत पाय घसरून पडले, रस्त्यावर गाडीने उडवलं. अशा मृत्यूंत पोलिसांना कळवणं कायद्याने गरजेचं आहेच. तरीही खेड्यापाड्यांत घरची मंडळी हात जोडतात की देहाची चिरफाड नको, आम्हाला कुणाबद्दल तक्रार नाही. भावना समजते. पण शवविच्छेदन अहवाल नसेल तर अपघात कशाने झाला हे सिद्ध करायला नंतर हातात काही राहत नाही, आणि त्या घराला मिळायचं ते सगळंच बुडतं.

राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये आहेत. सर्पदंश, वीज पडणं, बुडणं हे सगळं त्यात बसतं. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत जायला हवा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून जाणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेतही २ लाखच आहेत. रस्ता अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही तरी २ लाखांची भरपाई मिळते. या सगळ्यांना लागतात त्याच कागदांच्या प्रती: प्रथम खबरी अहवाल म्हणजे एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल. पोलीस ठाण्यातून या प्रती पहिल्या महिन्यातच मागून घ्या. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो मोठ्याने वाचून घ्या. ‘पाय घसरून’ झालेलं ‘उडी मारून’ असं लिहिलं गेलं, तर तो शब्द पुढे प्रत्येक टेबलावर आडवा येतो.

स्मशानातला फॉर्म

माझ्या मते या सगळ्यात महत्त्वाचा कागद स्मशानभूमीच्या कार्यालयात, घाईत, चुकीच्या माणसाच्या हातून भरला जातो. घरचे तिरडीजवळ असतात. फॉर्म भरायला शेजारचे काका जातात, आणि ते त्यांना माहीत असलेलं नाव लिहितात.

आमच्या काकांना अख्खा गाव ज्या नावाने ओळखायचा ते नाव फॉर्मवर गेलं. आधार कार्डावर पाळण्यातलं नाव होतं, सातबाऱ्यावर तिसरंच, आणि एलआयसीच्या पॉलिसीवर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग निराळं. ‘ही सगळी एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र काकूंना किती वेळा करावं लागलं, ते मी मोजायचं सोडून दिलं. महाराष्ट्रात हे घरोघरी आहे. बाळासाहेब, अण्णा, नाना ही हाक मारायची नावं कागदावर चढतात, आणि लग्नानंतर बदललेल्या नावांमुळे बायकांच्या बाबतीत तर गुंता दुप्पट.

म्हणून निघताना खिशात आधार कार्डाची झेरॉक्स ठेवा आणि फॉर्म घरातल्याच शिकल्यासवरलेल्या कुणालातरी भरायला सांगा. नाव मराठीत आणि इंग्रजीत आधारप्रमाणे, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, कायमचा पत्ता. रुग्णालय जी माहिती परस्पर पाठवतं, तीही तिथेच एकदा डोळ्याखालून घाला. दफनभूमीत, कब्रस्तानातही हेच लागू.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. ती जिथे मृत्यू झाला तिथे होते, जिथे माणूस राहत होता तिथे नाही. साताऱ्याचा माणूस पुण्याच्या रुग्णालयात वारला तर दाखला पुणे महापालिकेचा. रुग्णालयातल्या मृत्यूची खबर रुग्णालय देतं. घरातल्या मृत्यूची खबर द्यायची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. स्वतःच्या शेतात दहन करणारे लोक इथेच चुकतात, कारण तिथे वही घेऊन कुणी बसलेलं नसतं. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे जाऊन नोंद करून या. २१ दिवस उलटले तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षाच्या आत जिल्हा निबंधकांची परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश, अशी पायरीगणिक डोकेदुखी वाढते.

नोंद झाल्यावर सात दिवसांच्या आत दाखल्याची पहिली प्रत मोफत मिळते. जादा प्रतींना किरकोळ फी असते. आठ-दहा प्रती काढून ठेवा. हातात आल्यावर तिथेच, खिडकीसमोर उभं राहून, एकेक अक्षर वाचा.

तेराव्याच्या आत कुठेही सही नको

आता ज्याची घाई करायची नाही ते.

दहाव्याला सगळे जमलेलेच असतात. बहिणी लांबून आलेल्या असतात. कुणीतरी म्हणतं, ताई, परत कधी येणार तू, आत्ताच सही करून जा, नुसती औपचारिकता आहे. तो कागद बहुतेक वेळा हक्कसोडपत्राचा असतो, नाहीतर कोऱ्या स्टॅम्पपेपरचा. घाटावर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत असताना जमिनीचा फैसला करायचा नसतो. बहिणीला खरोखरच हक्क सोडायचा असेल तर ती चार महिन्यांनीही सोडेल, आणि ते हक्कसोडपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीकृतच व्हावं लागतं. तोंडी सांगून किंवा साध्या कागदावर लिहून हक्क सुटत नाही.

वारस कोण, हे हिंदू कुटुंबांत अजूनही चुकीचं सांगितलं जातं. मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर आई, या सगळ्यांचा वाटा सारखा. आईला लोक सर्रास विसरतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्माने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली होती, देशभर ती २००५ मध्ये आली. ‘लग्नात दिलं की सगळं’ हे वाक्य कायद्यात कुठेही नाही. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे वारसा नियम वेगळे आहेत.

मागे राहिलेल्या बाईच्या बाबतीत आणखी एक. कपाटाची किल्ली, पासबुकं, एटीएम कार्ड, सोनं तिच्याकडेच राहू द्या. ‘तुला काय कळतंय’ म्हणून उचलून नेलेल्या पिशव्या सहजी परत येत नाहीत. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हेही थांबवता आलं तर थांबवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये तसा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांनाही तो मार्ग धरायला सांगितलं. आपल्या घरात हे करायला ठरावाचीही गरज नाही.

पासबुक वाचायला बसा

तेरावं झालं की एक दुपार काढा. सगळी पासबुकं बँकेतून भरून आणा आणि मागच्या दीड वर्षाची प्रत्येक ओळ वाचा. माणसाने घरी न सांगितलेलं पासबुक सांगतं.

मे महिन्याच्या अखेरीला ४३६ रुपये कापले गेले असतील तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. मृत्यू कोणत्याही कारणाने असो, वारसाला २ लाख मिळतात. २० रुपये कापले असतील तर वर सांगितलेली अपघाताची योजना. ही दोन्ही संरक्षणं १ जून ते ३१ मे अशी चालतात. हे पैसे आपोआप येत नाहीत, त्याच शाखेत दावा करावा लागतो, आणि कित्येक घरांना हा विमा होता हेच ठाऊक नसतं. दर महिन्याला ठरावीक तारखेला जाणारी रक्कम म्हणजे एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक), विम्याचा हप्ता किंवा पतसंस्थेचं आवर्ती खातं. वर्षातून एकदा जाणारी मोठी रक्कम लॉकरचं भाडं असू शकते. पन्नास-शंभर रुपयांचा लाभांश जमा झाला असेल तर कुठेतरी शेअर पडून आहेत. जुन्या, विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘उद्‌गम’ पोर्टल आहे, नाव आणि पॅन टाकून तिथे शोधता येतं.

हे सगळं एका वहीत उतरवा. त्यात देणीही लिहा.

एक मोह टाळा. मृत व्यक्तीचं एटीएम कार्ड आणि पिन माहीत आहे म्हणून पैसे काढू नका. हेतू कितीही चांगला असला तरी इतर वारसांनी उद्या तक्रार केली तर उत्तर देता येत नाही. खातं संयुक्त असेल आणि त्यावर ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असणारा’ अशी सूचना असेल तर हयात असलेल्याचा व्यवहार अडत नाही. पेन्शन येत असेल तर बँकेला लगेच कळवा. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन परत द्यावी लागते. पेन्शन मंजुरीच्या मूळ आदेशावर पत्नीचं नाव असेल तर कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला वेळ लागत नाही.

बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी

नामनिर्देशन असेल, म्हणजे खात्याला नॉमिनी नेमलेला असेल, तर बँकेचं काम सोपं आहे. दावा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचं ओळखपत्र द्यायचं. कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अर्ज दिल्याची पोच तारखेसह घ्या. नॉमिनी नसेल तर छोट्या रकमेसाठी सर्व वारसांचं संमतिपत्र आणि हमीपत्र पुरतं. ही मर्यादा रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या निर्देशांत वाणिज्य बँकांसाठी १५ लाख आणि सहकारी बँकांसाठी ५ लाख केली. त्यापुढच्या रकमेला किंवा वारसांत वाद असेल तर दिवाणी न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र आणावं लागू शकतं. शाखेतल्या माणसाने पहिल्याच दिवशी ‘कोर्टातून आणा’ म्हटलं तर तो नियम लेखी दाखवायला सांगा.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मात्र घरात आधीच बोलून ठेवा. बँक नॉमिनीच्या हातात पैसे देऊन मोकळी होते, पण ते वारसांपर्यंत पोचवायची जबाबदारी नॉमिनीची. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं.

आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर ‘माहिती लपवली होती’ या कारणावरून कंपनीला ती नाकारता येत नाही. नवी असेल तर चौकशी होते, उपचारांचे कागद मागतात. म्हणून रुग्णालयाची फाइल रद्दीत जाऊ देऊ नका.

नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर भविष्यनिर्वाह निधीचे तीन वेगळे दावे असतात आणि लोक एक करून थांबतात. साठलेल्या रकमेसाठी नमुना २०, पत्नी-मुलांच्या पेन्शनसाठी नमुना १०-डी, आणि ठेव संलग्न विम्यासाठी नमुना ५-आयएफ. या विम्याची कमाल रक्कम ७ लाख आहे. कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या सुरक्षा रक्षकाचा, सफाई कामगाराचाही पीएफ कापला जात असेल तर त्याच्या घरालाही हे सगळं लागू. ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षं नोकरीची अट असते, मृत्यूच्या बाबतीत ती नसते. राज्य कामगार विमा असेल तर अंत्यसंस्कारासाठी १५ हजारांपर्यंत मिळतात. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला तर तहसील कार्यालयातून राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार मिळतात.

सातबारा आणि फ्लॅट

शेतजमिनीच्या वारस नोंदीसाठी वकील लागत नाही, कोर्टाचा कागदही सहसा लागत नाही. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं-पत्ते-नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र आणि साधा अर्ज घेऊन तलाठ्याकडे जा (आता त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे), किंवा ‘ई-हक्क’ प्रणालीतून ऑनलाइन करा. महसूल अधिनियमानुसार हे तीन महिन्यांत कळवायचं असतं. चौकशी होऊन वारसांची नोंद होते, फेरफार म्हणजे नाव बदलाची नोंद पडते, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, आणि मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा काढून नावं तपासा. अर्जात बहिणींची नावं ‘विसरली’ जाणं हा जुना प्रकार आहे, बहिणींनीही एकदा ऑनलाइन सातबारा पाहावाच. आजोबांचंच नाव अजून उताऱ्यावर असेल तर आधी त्यांच्या वारसांची नोंद, मग वडिलांची. अशीच मेलेल्या खातेदारांची नावं हटवायला सरकारने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली होती.

शहरात सिटी सर्व्हे कार्यालयात मिळकत पत्रिकेवर नोंद करावी लागते, आणि गृहनिर्माण संस्थेत भाग प्रमाणपत्रावर (शेअर सर्टिफिकेट). संस्था नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घेते, कायम सभासदत्व वारस ठरल्यावर. मेन्टेनन्स मात्र तोवर भरत राहा. वीज, पाणी, मालमत्ता कर यांच्या नावांना सवडीने हात लावला तरी चालतं.

देणी

वडिलांचं कर्ज मुलाने स्वतःच्या पगारातून फेडलंच पाहिजे असं नाही. वारसाची जबाबदारी त्याला वारशाने मिळालेल्या मिळकतीपुरती. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर मात्र सुटका नाही. वसुलीचा फोन आला तर तोंडी काही कबूल करू नका, कर्जाचा उतारा मागवा आणि कर्जाला विमा जोडलेला होता का ते विचारा. गृहकर्जात असा विमा पुष्कळदा असतो, हप्त्यांत मुरलेला असल्यामुळे तो लक्षातच येत नाही.

प्राप्तिकर भरणारं माणूस असेल तर मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र वारसाला भरावं लागतं. आयकर पोर्टलवर वारस म्हणून आधी नोंदणी करायची. हे होईपर्यंत पॅन रद्द करायच्या फंदात पडू नका.

गोवा, परदेश

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा आहे. नवरा-बायकोची मिळकत सहसा निम्मी-निम्मी मानली जाते, त्यामुळे एकजण गेल्यावर वाटणी फक्त त्याच्या निम्म्याची. वारस ठरवायला विशेष नोटरीकडे वारसा लेख करतात, वाद असेल तर न्यायालयात इन्व्हेंटरीची, म्हणजे मिळकतीची यादी करून वाटणी ठरवायची कार्यवाही. मूळ गाव सिंधुदुर्गात आणि घर म्हापशात असेल तर दोन्हीकडच्या पद्धती वेगवेगळ्या चालवाव्या लागतील.

आखातात किंवा इतर कुठे मृत्यू झाला तर पहिला फोन तिथल्या भारतीय दूतावासाला. तिथला मृत्यूचा दाखला, देहावर रासायनिक प्रक्रिया केल्याचं प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि दूतावासाचं ना-हरकत पत्र लागतं. भारतातल्या आरोग्य खात्याची परवानगी २०२३ पासून ‘ई-केअर’ पोर्टलवरून मिळते.

फोन शेवटी

मतदार यादीतून नाव कमी करायला नमुना ७ भरायचा. शिधापत्रिकेतलं नाव तहसील किंवा शिधावाटप कार्यालयात कमी होतं. आधारवर मृत्यूची नोंद आता ‘माय आधार’ पोर्टलवर घरच्यांना करता येते. ही कामं सावकाश करा, आणि आधारचं तर बाकीचं बरंच उरकल्यावर.

मोबाइल नंबर तर अगदी शेवटी. बँक, डिमॅट, गॅस, पीएफ, आयकर या सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. ओटीपी आला म्हणून त्यांच्या नावाने व्यवहार करू नका, पण काय काय चालू आहे याचा पत्ता त्यावरच्या संदेशांतून लागत राहतो. वापर नसलेला प्रीपेड नंबर साधारण ९० दिवसांनी बंद होऊ शकतो, म्हणून वर्षभर लहानसं रिचार्ज मारत राहा. आमच्या काकांचा फोन काकूंच्या उशाशी चौदा महिने होता. पीएफची शेवटची रक्कम जमा झाल्यावर आम्ही त्यांना विचारलं, आता नंबर बंद करायचा का. त्या म्हणाल्या, अजून एक रिचार्ज मार. आम्ही मारलं.